पहिला चित्रपट आणि दिग्दर्शकाचा हात



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो महागाई भत्त्यावर बोलणार हे श्रोत्यांनी गृहीतच धरलेले असते. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘चित्रपट’ असे सांगितले, तेव्हा तेही जरा चपापले. मी ह्या विषयातला जाणकार नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि फिल्म सोसायटीच्या खुर्चीवर. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण माझे जुने काम आहे. तेवढे आधी सांगतो.

शाळा सुटल्यावर मी एका कारखान्यात लेथवर उमेदवार म्हणून लागलो. नव्या पोराने पहिला जॉब उतरवला, की आमचे मिस्त्री तो हातात घेऊन उजेडाकडे धरीत आणि सावकाश फिरवून पाहत. माप ते मागाहून घेत. टूल कुठे थरथरले, पोराने घाईने हात कुठे रेटला, भिऊन मागे कुठे घेतला, हे सगळे त्या लोखंडावर उमटलेले असे. पाच वर्षांनी त्याच पोराचा जॉब आरशासारखा गुळगुळीत निघे आणि मग त्यावरून मिस्त्रींनाही फारसे काही वाचता येत नसे. दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट मी असे पाहत आलो आहे. नंतरच्या कामात हात बसतो, खुणा बुजतात. पहिल्यात त्या उघड्या असतात.

माझ्यासारख्याने सुरुवात कोठून करावी, हे आपण ओळखलेच असेल. सर्गेई आयझेनस्टाईन ह्या रशियन दिग्दर्शकाचा पहिला मोठा चित्रपट ‘स्ट्राइक’, म्हणजे ‘संप’. तो 1925 साली पडद्यावर आला. मूकपट आहे. तो करीत असताना हा माणूस 26 वर्षांचा होता. मूळचा स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी. शिक्षण अर्धवट टाकून लाल सेनेत गेला, तेथून मॉस्कोत कामगारांच्या नाट्यसंस्थेत आला. 1924 मध्ये त्याने एक नाटक चक्क गॅसच्या कारखान्यात बसवले. पण खऱ्या यंत्रांपुढे नटांचा अभिनय खोटा दिसू लागला आणि नाटक पडले. त्या फजितीतून तो चित्रपटाकडे वळला. म्हणजे पहिल्या चित्रपटाला हात घालताना त्याच्या गाठीशी दोन गोष्टी होत्या: यंत्राची ओढ आणि नाटकाची सवय. दोन्हींच्या खुणा ‘संपा’वर स्पष्ट आहेत.

गोष्ट क्रांतीपूर्व रशियातील एका कारखान्याची. एक मायक्रोमीटर चोरीला जातो. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजणारे हे हत्यार. आमच्याकडे पितळी बिल्ला देऊन ते टूलरूममधून घ्यावे लागे आणि पाळी सुटताना परत करावे लागे. ते जागेवर नसले की पोटात कसा गोळा येतो, हे ज्याने बिल्ला दिला आहे त्यालाच ठाऊक. चित्रपटात त्या हत्याराची किंमत 25 रूबल, म्हणजे तीन आठवड्यांची मजुरी. आळ एका कामगारावर येतो आणि तो गळफास लावून घेतो. संपाची ठिणगी तेथे पडते. मागण्यांत आठ तासांचा दिवस आहे, पगारवाढ आहे. भागधारक मंडळी सिगार ओढीत बसलेली असतात आणि त्या मागण्यांच्या कागदाने सांडलेले पुसून घेतात. एक जण पेयासाठी लिंबू पिळतो, तर दुसऱ्या चित्रात घोडेस्वार पोलीस कामगारांना घेरीत असतात. मालकांच्या हेरांना माकड, कोल्हा, घुबड अशी नावे आहेत आणि प्राणी दाखवून मग त्या चेहऱ्याचा माणूस दाखवला आहे. ही नाटकाची सवय. गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही कळावे म्हणून मोठ्याने बोलणे.

मी हसतो आहे असे समजू नका. माझे पहिले गेटवरचे भाषण असेच होते. वीस मिनिटे मी भांडवलशाहीला झोडपले. खाली उतरलो तर एक म्हातारा साचेवाला जवळ आला आणि म्हणाला, “पोरा, लई चांगलं बोललास. बोनसचं काय ठरलं?”

पण ह्याच चित्रपटात एक भाग असा आहे की तेथे दिग्दर्शक ओरडायचे विसरला आहे. संपाचे पहिले दिवस. कारखाना ओस पडला आहे, आत पाखरे शिरली आहेत. एका घरात लहान मूल बापाला कामावर जाण्यासाठी उठवते. काम तर नाहीच. मग दोघे हसतात, खेळतात. पुढे दिवस लांबतात. दुकान बंद, दारात रांग. बाळाला दूध नाही. एका घरात नवराबायकोचे भांडण होते आणि बायको निघून जाते. दुसऱ्या घरात माणूस बाजारात विकायला काय सापडते म्हणून घर धुंडाळतो आणि घरची माणसे कळवळतात.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील. पहिला महिना मला सणासारखा वाटला. अण्णा दिवसाउजेडी घरी होते, मला पतंग करून देत होते. पावसाळा लागेपर्यंत आजीचा तांब्याचा हंडा मोडीत गेला. आई बोलली नाही. हंडा ठेवायची जागा मात्र तिने रोज पुसली. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘संप’ पाहिला आणि तो माणूस घर धुंडाळू लागला तेव्हा मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. 26 वर्षांच्या त्या पोराला हे कोणी सांगितले असेल? संपाच्या समितीत बसलेल्या माणसालाही हे दिसत नाही. त्याला ठराव दिसतात, आकडे दिसतात.

आणि मग शेवट. सैनिक कामगारांची कत्तल करतात आणि मध्येमध्ये खाटिकखान्यात बैल कापला जात असल्याची दृश्ये येतात. जगभर ह्या जोडणीची तारीफ झाली आहे, अभ्यासक्रमात शिकवली जाते. मला मात्र येथे टूल थरथरलेले दिसते. त्या बैलाचा गोष्टीशी काही संबंध नाही. तो बाहेरून आणलेला आहे. इतकी माणसे मारल्यावर प्रेक्षकाला धक्का बसेल की नाही, अशी शंका दिग्दर्शकाला आली आणि त्याने हात रेटला. चूक खरी, पण त्या चुकीत पुढचा सगळा माणूस आहे. दोन चित्रे शेजारी ठेवून तिसरा अर्थ काढण्याची जी विद्या त्याने ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये सिद्ध केली, तिचा कच्चा जॉब हाच.

आता आपल्या देशात येऊ. सत्यजित राय कलकत्त्यात जाहिरात कंपनीत चित्रकार होते. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी काढली आणि चित्रपट मनात तेथे रुजला. ऑक्टोबर 1952 मध्ये चित्रीकरण सुरू झाले. कॅमेऱ्यामागे सुव्रत मित्र, विशी नुकतीच ओलांडलेला, चलच्चित्राचा कॅमेरा पूर्वी कधी न चालवलेला. पहिला प्रसंग काशफुलांच्या रानातला. नोकरीमुळे काम रविवारचे. पुढच्या रविवारी मंडळी पोहोचली तर गुरांनी सगळी फुले खाऊन टाकली होती! ती पुन्हा फुलायला वर्षभर थांबावे लागले.

त्या पहिल्या दिवसाची एक हकीगत मला संघटनेच्या कामात फार उपयोगी पडली. छोट्या अपूने बहिणीला शोधीत त्या रानातून चालायचे होते. पोरगा लाकडासारखा ताठ चालू लागला. आपण असतो तर “नीट चाल रे” म्हणून दहादा ओरडलो असतो. राय यांनी त्याच्या वाटेवर काटक्या टाकून ठेवल्या आणि रानात माणसे लपवून त्यांना ठरल्या क्षणी हाक मारायला सांगितले. पोरगा काटकी ओलांडू लागला, हाक आली की थबकून मान वळवू लागला. झाले. शोधणारा भाऊ तयार. ही युक्ती कोणत्या पुस्तकात शिकायला मिळाली असती? माणसाला भावना सांगू नये, त्याच्या पायापुढे काहीतरी ठेवावे, हे राय यांना पहिल्याच दिवशी अडचणीने शिकवले. आमच्या सभासदांपुढे मी हल्ली ‘एकजूट’ हा शब्द फार उच्चारीत नाही. हजेरीपटाची नक्कल ठेवतो.

पैसा संपला. विम्याची पॉलिसी गहाण, पत्नीचे दागिने गहाण. महिनोन्‌महिने काम बंद. शेवटी पश्चिम बंगालच्या सरकारने हात दिला. ह्या काळात इंदिर ठाकरूणची भूमिका करणाऱ्या चुनीबालादेवी ऐंशीच्या घरात होत्या आणि मुले वाढीच्या वयात होती. मिठाईवाल्याचे काम करणारा माणूस मध्येच वारला. मग दुसरा उभा करून त्याला पाठमोरा दाखवावा लागला. आपण चित्रपट पाहाल तेव्हा हा सांधा शोधा. मला तो बऱ्याच उशिरा सापडला. सुरुवातीचा काही भाग मला सैलही वाटतो, दृश्ये एकमेकांना धरून चालत नाहीत. पण दुर्गा गेल्यानंतर बाप गावाहून परततो, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो आणि आई कोसळते तेव्हा तिचा टाहो ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. ज्याच्या खिशात उद्याच्या फिल्मचे पैसे नव्हते, त्याने सगळ्यात महाग क्षणी आवाज काढून घेतला. 26 ऑगस्ट 1955 रोजी कलकत्त्यात चित्रपट लागला आणि पुढच्या वर्षी कान महोत्सवात गौरवला गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

त्याच शहरातला दुसरा पहिला चित्रपट मात्र थोड्यांना ठाऊक आहे. ऋत्विक घटक यांचा ‘नागरिक’. तो ‘पथेर पांचाली’च्या आधी, 1952 मध्ये पुरा झाला. नोकरी शोधणारा तरुण, फाळणीनंतरच्या कलकत्त्यातले खालावत जाणारे मध्यमवर्गीय घर. पुरा झाला आणि डब्यातच राहिला. पडद्यावर आला 1977 मध्ये. घटक त्याआधीच, फेब्रुवारी 1976 मध्ये वारले होते. पहिला जॉब उजेडाकडे धरून फिरवून पाहणारा मिस्त्रीच भेटला नाही, असे हे झाले. घटकांच्या नंतरच्या चित्रपटांत जो अतिरेक लोक दाखवतात, तो मला त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या न मिळालेल्या प्रतिसादाशी जोडलेला वाटतो. माझे मत चुकीचे असू शकेल. पण आमच्याकडे ज्या मुलाच्या पहिल्या तक्रारीचा अर्ज साहेबाच्या खणात पडून राहतो, तो पुढे एक तर गप्प होतो किंवा फार मोठ्याने बोलू लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शेवटी आपल्या मराठीतला एक चित्रपट. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, 2013 सालचा. त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावात डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या घराच्या वाट्याला आलेले आहे आणि ते त्याला शाळेजवळ, वर्गातल्या मुलांच्या देखत करावे लागते. पाठलाग चाललेला असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे घर जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर समोर, पण हलता येत नाही. नंतर ते डुक्कर बांबूला बांधून नेतात, ती वाट शाळेच्या भिंतीवरून जाते आणि भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र आहे.

‘संपा’तला तो बैल येथे आठवावा. दोन्ही पहिलेच चित्रपट, दोन्हींत जनावर. पण मंजुळ्यांना ते कोठून आणावे लागले नाही. डुक्कर हे डुक्करच आहे, पकडणे हे त्या घराचे रोजचे काम आहे, भिंतही कोणत्याही शाळेला असते तशी आहे. खूण सापडते ती दुसरीकडे: काळ्या चिमणीच्या मागे लागलेल्या जब्याच्या भटकंतीत चित्रपट एकदोनदा रेंगाळतो, ते सोडायचा दिग्दर्शकाला धीर होत नाही. मला तो दोष आवडतो. ते रान ज्याने लहानपणी तुडवले आहे, त्याचा पाय तेथून लवकर निघत नाही.

अखेरीस जब्या दगड उचलतो आणि थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर भिरकावतो. पडदा काळा होतो. आम्ही युनियनचे पंधरा-वीस जण मिळून तो पाहायला गेलो होतो. माझ्या शेजारी सफाई खात्यातले एक सभासद बसले होते. बाकी सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा हे मात्र पुढे झुकले. बाहेर चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “दादा, ह्या माणसाचा पुढचा पिक्चर कधी येणार?”

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी मघाशीच पुढे सरकवली आहे.