ययातीचं म्हणणं

(सोलापुरात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



वि. स. खांडेकरांची 'ययाति' तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी वाचली असेल. १९५९ सालची कादंबरी. देवयानीशी लग्न, तिची दासी झालेल्या शर्मिष्ठेवर प्रेम, आणि शेवटी पोटच्या मुलाचं तारुण्य मागून घेणारा राजा. महाभारतात ही गोष्ट दुसरंच कुणी सांगतं. खांडेकरांनी ती नायकाच्या तोंडी दिली. देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली बाजू सांगतात, पण सुरुवात ययातीची. अलका, मुकुलिका यांना तर बोलायला एकही प्रकरण नाही.

सोळाव्या वर्षी वाचताना मला ययातीची फार कीव आली होती. मध्यंतरी पुन्हा वाचली आणि चमकलेच. हा माणूस तर आमच्या समुपदेशन केंद्रात रोज समोरच्या खुर्चीवर बसतो!

ययाती काय सांगतो? रूप ओसरेल म्हणून आईनं अंगावर पाजलं नाही. वडलांना शाप, नहुषाची मुलं कधी सुखी होणार नाहीत. बायको तोऱ्याची, तिला दारूचा वास सोसत नाही. आमच्याकडचे नवरे म्हणतात, मॅडम, लहानपणी माया नाही मिळाली, आमच्या घराण्यातच राग आहे, ही विड्या वळून चार पैसे आणते म्हणून मिजास करते. यातलं बरंचसं खरं असतं, बरं का. म्हणूनच ऐकणारी विरघळते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही विरघळले आणि 'समज दिली, तडजोड झाली' असा शेरा मारून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी ती बाई मोडलेला हात घेऊन परत आली. फाइल उघडली, तर त्याच्या म्हणण्याची दोन पानं आणि तिच्या चार ओळी. अक्षर माझंच.

नवऱ्याचं ऐकायचंच नाही असं मी म्हणत नाही. ऐकायचं, पण कसं, ते मला पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांनी शिकवलं. त्यांना मी ययातीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आता तुमच्या घरची गोष्ट नवरा होऊन सांगा, 'मी' म्हणून. आधी खूप हसल्या. मग एकजण अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत सांगायला लागली. "मी घरी आलो. भात गार होता. डोकं फिरलं. भांडण झालं. हात उठला."

शेजारची म्हणाली, "उठला म्हणजे? आपोआप? कुणी मारलं ते सांग की."

ती थांबली. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग म्हणाली, "ते जमत नाही बाई. मी आता तो झालेय ना. तो असं कधी म्हणतच नाही."

तेव्हापासून जबाब लिहून घेताना 'हात उठला' आलं की मी पेन थांबवते आणि विचारते, कुणाचा?