पाय जमिनीला टेकले पाहिजेत

(तालुक्यातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे आटोपशीर करून.)



कशावर बोलणार असं ताईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मोटारसायकलच्या सीटवर. त्या हसल्या. आत्ता तुम्हीही हसताय. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझी उंची चार फूट दहा इंच. संघटनेकडे एकच गाडी आहे, कुणीतरी देणगी म्हणून दिलेली जुनी मोटारसायकल. डोंगराकडच्या वाड्यांना तीच उपयोगी पडते. स्कूटरची चाकं लहान, पोट जमिनीजवळ. पावसाळ्यात दगडगोट्यांतून ती खालून घासत जाते. मी गाडी शिकले, लायसन्सही काढलं. पण थांबताना बोटांची टोकं तेवढी जमिनीला लागायची. एकदा चढावर एसटीला वाट द्यायला थांबले, पाय टाकला तर खाली खड्डा. गाडी आडवी झाली. मागे बसलेल्या कार्यकर्तीचं मनगट मोडलं. चौकातले लोक गोळा झाले आणि म्हणाले, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. खरं सांगते, मलाही ते पटलं. मी गाडी सोडली.

महिन्याभरात, ऐन पावसात, एका वाडीवरून रात्री फोन आला. नवऱ्यानं मारून बाईला घराबाहेर काढलं होतं. गाडी दारात, किल्ली खुंटीला, लायसन्स कपाटात, आणि मी शेजारच्या दादांना उठवायला गेले. ते आले, नाही म्हणाले नाहीत. पण निघेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ ती बाई देवळाच्या ओट्यावर ओल्या लुगड्यानं बसून होती. परत येताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होते. माझ्यात नेमकं कमी काय आहे? धीर, की दोन इंच?

उत्तर दिलं आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीनं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज अंगाला बसला नाही तर तू अंगाला दोष देतेस का? चल, माप घेऊ." तिनं टेप काढला. माझी टांग आतून सत्तावीस इंच भरली. गाडीची सीट जमिनीपासून सुमारे एकतीस. आपल्याकडच्या साध्या १०० सीसी गाड्यांची सीट ७८५ मिलिमीटरच्या आसपास असते, बुलेटची ८०० च्या पुढे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतातल्या बाईची सरासरी उंची आहे १५२ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. तेव्हा मी काही जगावेगळी बुटकी नाही. माझ्यासारख्या लाखो आहेत. गाडी बनवताना त्यांच्यासाठी टेप काढला गेला नाही, एवढंच.

गाडीवर बाईचा विचार झालाच नाही असं मात्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम पाहा. मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. चांगला नियम आहे, त्यानं जीव वाचतात. पण त्याच्या नावातच कळतं की बाई कुठे बसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. मागे, एका बाजूला पाय सोडून. पुढे बसली तर तिचे पाय कुठवर पोचतील, हे कुणी विचारलं नाही. शोरूममध्ये विचारायला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्कूटी बघा ना."

आता कामाचं सांगते. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

पहिलं काम सीटचं. सीट काढून सीट कव्हरवाल्याकडे न्या. पण आधी गाडीवर बसून मांड्या कुठे अडतात तिथे खडूनं खुणा करा. माझ्या मैत्रिणीनं कापडावर करतात तशाच केल्या. सगळ्या सीटचा फोम सरसकट कापायचा नाही. बसतो तिथला थोडा खोल करायचा, आणि टाकीजवळच्या भागाच्या दोन्ही कडा तासून सीट अरुंद करायची. सीट रुंद असली की पाय फाकतात आणि तिथेच उंची वाया जाते. पाय सरळ खाली आले की न कापताही इंचभर मिळाल्यासारखं होतं. पहिल्या वेळी मी हावरेपणा केला, फार कापायला लावलं. पाय छान टेकले, पण वीस किलोमीटरवर माकडहाड दुखायला लागलं, कारण खालचा पत्राच लागत होता. पुन्हा घट्ट फोमचा थर घालावा लागला. दीड इंचावर थांबा. रेक्झिनची शिवण नीट झाली नाही तर पाणी आत जातं, तेही पाहा.

दुसरं काम मागच्या शॉकअपचं. पुष्कळ गाड्यांच्या दोन्ही शॉकअपना खाली खाचांची कडी असते, ती पान्यानं फिरते. ती सर्वांत मऊ खाचेवर आणली की आपण बसल्यावर गाडी थोडी जास्त दबते. पैसा लागत नाही. मात्र दोन्ही बाजूंना खाच एकच हवी, आणि मागे माणूस किंवा ओझं घ्यायचं असेल तर पुन्हा कडक करायची.

तिसरं, आखूड शॉकअप बसवणं किंवा पुढचे फोर्क क्लँपमधून वर सरकवणं. हे जाणत्या मेकॅनिकशिवाय करू नका. नुसती मागून गाडी खाली आणली तर पुढचं टोक हलकं होतं, हँडल जडपणे वळतं. नुसती पुढून आणली तर ते चंचल होतं. दोन्हीकडून सारखी उतरवली तरी स्पीडब्रेकरला पोट घासतं, चाक मडगार्डला लागू शकतं. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि धक्का लागला की पलीकडे पडते. म्हणून स्टँडही आखूड करावा लागतो. माझ्या गाडीला मी हे केलं नाही, गरज लागली नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ते पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून चासी कापणं, वेल्डिंग करणं असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. शॉकअप बदलायचे तर आधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारा.

चौथी गोष्ट कुणी विकत देत नाही, ती शिकावी लागते. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं नाही. थांबताना सीटवरून थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. कुठे थांबायचं ते दहा पावलं आधी ठरवायचं. रस्त्याच्या उताराकडे पाय टाकायचा नाही. जाड तळव्याचे बूट घालायचे. स्लिपर घालून गाडी चालवायची नाही, मीही आता चालवत नाही.

एवढं झाल्यावर त्याच चढावर मी पुन्हा थांबले. पाय टेकला. अख्खा नाही, पण चवडा घट्ट टेकला. त्या दिवशी मला कळलं की माझा धीर कुठे गेला नव्हता, त्याला उभं राहायला जागा नव्हती.

थोडी आठवण देते. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तर त्यांनी जेंट्स घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. वाहन कुणासाठी बनवलं हे कंपनी ठरवते. ते कशासाठी वापरायचं हे बाई ठरवू शकते. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत सीमा सुरक्षा दलाच्या बायकांनी बुलेटवर कसरती केल्या, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण मला ती कसरत करायची नाही. मला रात्री साडेअकराला, कुणाला न उठवता, वाडीवर पोचायचंय.

म्हणून दोन गोष्टी मागते. एक, आपल्या प्रत्येक केंद्रात एक दिवस माप घेण्याचा ठेवू. टेप आणि खडू आपल्याकडे आहेच. पान्याचा संच वर्गणीतून घेऊ. दोन, घरात नवी गाडी येणार असेल तेव्हा शोरूममध्ये तुम्हीही जा. गाडीवर बसून पाहा, पाय टेकतात का ते सगळ्यांसमोर पाहा, आणि कागदावर नाव कुणाचं लागणार तेही विचारा. सीट खाली आली आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात राहिली, तर आपण नुसता फोमच कापला असं होईल.

गाडी बाहेर उभी आहे. जेवणानंतर जिला बसून पाहायचंय तिनं यावं. मी धरून उभी राहीन.