कोपऱ्याला कोपरा

मागच्या दिवाळीआधी जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीतल्या मुलांबरोबर आकाशकंदील करायचा योग आला. या मुलांना बांबू नवा नाही. चैत्र यात्रेत गुलालात नाचणाऱ्या उंचच उंच सासनकाठ्या त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. पण बांबू चिरून, त्याच्या काड्या दोऱ्यानं बांधून आत दिवा ठेवायचा, हे बहुतेकांनी कधी केलं नव्हतं. कंदील बाजारातून आणायचा, तोही प्लॅस्टिकचा, एवढंच त्यांना ठाऊक.

आपला जुना कंदील मोठा हिशेबी असतो. सारख्या लांबीच्या २४ काड्या घ्यायच्या. चार-चार काड्यांचे ६ चौकोन बांधायचे. एक वर आडवा, एक खाली आडवा आणि बाजूंना टोकावर उभे चार. मग कोपऱ्याला कोपरा बांधत जायचं. बांधून झालं, की मधल्या जागांत ८ त्रिकोण दिसतात. ते कुणी केलेले नसतात. चौकोन एकमेकांना भेटले म्हणून ते झाले. मुलांना हीच मोठी गंमत वाटली.

वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा. बाकीच्यांवर पतंगी कागद खळीनं चिकटवायचा, खाली झिरमिळ्या लावायच्या. कागद पातळच हवा. जाड पुठ्ठा उजेड अडवतो, काच तो सरळ डोळ्यांवर सोडते. पतंगी कागद उजेड अंगभर पसरून घेतो. मग दिवा दिसत नाही, कागदच उजळलेला दिसतो. आत पणतीऐवजी एलईडीचा छोटा बल्ब लावला. डोंगरावरचा वारा, त्यात कागद पेटायची धास्ती नको.

काम चालू असताना एका मुलानं विचारलं, ‘‘सर, तुमच्यात दिवाळी नसते, मग हे कुठं शिकलासा?’’

मी म्हणालो, ‘‘ताबुतावर!’’

मोहरमचा ताबूतही बांबूचा आणि रंगीत कागदाचाच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्धच आहेत. माझे वडील आमच्या गल्लीतल्या ताबुताची चौकट बांधत. दिवाळी आली, की तोच कोयता आणि तोच दोरा घेऊन ते ओट्यावर बसत आणि गल्लीतल्या पोरांना कंदील बांधून देत. ताबुताच्या कागदाला खळ लावायला तीच पोरं येत. कोण कुणाच्या सणाला आलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

त्या मुलानं कुतूहलानं विचारलं आणि उत्तर ऐकून तो पुन्हा कामाला लागला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर हाच प्रश्न मोठ्या माणसांकडूनही ऐकला. त्यांचा सूर मात्र वेगळा होता. उत्तर मी बदललेलं नाही.

देवघरातली समई घरासाठी असते. आकाशकंदील आपण दाराबाहेर टांगतो. त्याचा उजेड घरापेक्षा रस्त्यालाच जास्त मिळतो आणि रस्त्यानं कोण जातंय, हे तो बघत नाही.

यंदा घरातल्या मुलांना घेऊन एक कंदील जरूर करा. फक्त एक अडचण येईल. कोपरा बांधताना एकानं काड्या धराव्या लागतात, दुसऱ्यानं दोरा गुंडाळावा लागतो. एकट्याचं ते काम नव्हे. तेव्हा शेजारच्या घरातलं पोर बोलवा. ते कुणाचं, हे विचारत बसू नका.