बाबा, तू घरी कधी येणार?

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन सुरू झाला आणि माझं ऑफिस डायनिंग टेबलावर आलं. लोकलचे दोन तास वाचले म्हणून मी खूश. पण तेही कामानेच गिळले. वर्षभराने एकदा मुलीने विचारलं, "बाबा, तू घरी कधी येणार?" मी तिच्या समोरच बसलो होतो!

तेव्हापासून सात वाजले की लॅपटॉप कपाटात. चपला घालून सोसायटीला तीन फेऱ्या, कट्ट्यावर चार गप्पा आणि मग बेल वाजवून घरात. काम अडलं नाही, उलट वेळेत उरकू लागलं. तुमच्या शेजारी कुणी दिवसभर स्क्रीनसमोर एकटं असेल, तर संध्याकाळी त्याला खालून हाक मारा.