बगॅसची धूळ आणि जे ६७.१

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक कराडला केलं, आता पुण्यात हॉस्पिटलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आज बोलायचंय ते निदान कागदावर कसं उतरतं याबद्दल. उदाहरणाला फुफ्फुसाचा एकच आजार घेतोय, कारण तो आपल्या ऊसपट्ट्यातला आहे.

ऊस गाळल्यावर चिपाड उरतं, कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. ताजं बगॅस बॉयलरला जातं, त्याचा तेवढा त्रास नाही. शिल्लक राहिलेलं यार्डात ढीग घालून ठेवतात. ओल असते, ढीग आतून तापतो आणि उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव त्यात माजतात. त्यातल्या एकाचं नावच थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकराय, म्हणजे साखरेवरनं ठेवलेलं. ढीग उपसताना ही धूळ नाकातोंडात जाते. हे इन्फेक्शन नव्हे. शरीर त्या धुळीवर चिडतं आणि फुफ्फुसाला सूज येते. या प्रकाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, आणि बगॅसमुळे झाला तर बॅगॅसोसिस. १९४१ साली अमेरिकेत लुइझियानामध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं.

आता यातली गोम बघा. त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी होतो. माणूस ड्यूटी संपवून घरी येतो आणि मग ताप, हुडहुडी, कोरडा खोकला, धाप. दोन दिवस घरी राहिला की उतार पडतो. वाटतं गोळ्या लागू पडल्या. पुन्हा ढिगावर गेला की पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं झालं तर फुफ्फुस आतून घट्ट होत जातं, आणि ते मग परत पहिल्यासारखं होत नाही.

आता कोडिंगकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० नावाची यादी आहे, प्रत्येक आजाराला एक नंबर. मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये हॉस्पिटलनं भरायचा जो भाग असतो, त्यात याच नंबराची चौकट असते. एकच पेशंट धरा. डॉक्टरांनी ‘एलआरटीआय’ लिहिलं तर कोड जे २२. ‘न्यूमोनिया’ एवढंच लिहिलं तर जे १८.९. ‘आयएलडी’ लिहिलं तर जे ८४.९. ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणलं तर जे ६७.९. आणि ‘बगॅसच्या धुळीमुळे’ हे जोडलं तरच जे ६७.१. माणूस तोच, फुफ्फुस तेच. कोड टाकणाऱ्यानं मनानं अंदाज करायचा नसतो. कागदावर जो शब्द आहे त्याचाच नंबर पडतो.

आमच्या गल्लीतले एक काका बगॅस यार्डात कंत्राटी कामगार होते, बारा हंगाम. त्यांच्याकडे तीन डिस्चार्ज कार्डं आहेत. दवाखान्यांची नावं घेत नाही. पहिल्यावर एलआरटीआय, दुसऱ्यावर न्यूमोनिया, तिसऱ्यावर आयएलडी. मध्ये दोनदा टीबीची तपासणी, दोन्ही वेळा निल. आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात? एकात ‘शेती’, एकात ‘इतर’, एक कोरा. मग मिरजेत छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "काका, कामाला कुठं असता?" हे म्हणाले, "बगॅसच्या ढिगावर असतो की." "हंगाम संपल्यावर कसं वाटतं?" "ब्येस असतंय." त्यानंतर सिटीस्कॅन वगैरे होऊन तो शब्द कागदावर आला.

याचा फरक किती पडतो? १९२३च्या कामगार भरपाई कायद्याला व्यवसायजन्य आजारांचं तिसरं परिशिष्ट होतं. त्याच्या क भागात बॅगॅसोसिस नावानिशी होतं. पण आधीची तिन्ही कार्डं दाखवून भरपाई मागायची कशी? आणि उपचारातला पहिला भाग म्हणजे त्या धुळीपासून लांब जाणं. आजाराचं नावच नसेल तर मुकादमाला काय सांगून काम बदलून मागणार? काका आता गेटवर बसतात. जिना चढताना थांबावं लागतं. भरपाईचा अर्ज अजून चालूच आहे, कारण ठेकेदार म्हणतो हा माणूस यार्डात होता याचा पुरावा द्या.

असा आजार क्वचित असतो म्हणाल, तर २०१७ साली भारतातल्या आयएलडी रुग्णांची एक नोंदवही प्रसिद्ध झाली. १९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ रुग्ण. त्यात ४७.३ टक्के हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध घरातल्या कूलरशी होता. हे बाहेर आलं कारण तिथं प्रत्येकाला घर, काम, कूलर, पक्षी सगळं विचारलं होतं.

कोडच्या यादीचीही गंमत आहे. मेपलच्या झाडाची साल काढणाऱ्यांना वेगळा नंबर, बुचाच्या धुळीला वेगळा, मश्रूमवाल्यांना वेगळा. हळदीला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालाला हळदीच्या धुळीनं हा आजार झाला असं डॉक्टरांनी ठरवलं, तर नंबर ‘इतर सेंद्रिय धूळ’, जे ६७.८. तिथं शब्दात ‘हळद’ लिहिलं नाही तर ती नोंदीतून गेलीच.

आमच्या धंद्याचाही यात वाटा आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘न्यूमो’ टाइप केलं की सगळ्यात जास्त वापरलेला कोड वर दिसतो. वर दिसतो म्हणून वापरला जातो, वापरला जातो म्हणून वरच राहतो. व्यवसायाचा रकाना सक्तीचा केला तर लोक टिंब टाकून पुढं जातात, ओपीडीत शंभर माणसं बसलेली असताना दुसरं काय करणार. म्हणून आम्ही तसं केलं नाही. एकाच माणसाला वर्षात दुसऱ्यांदा जे १८, जे २२ किंवा जे ८४ पडला, तरच दोन प्रश्न समोर येतात: काम काय करता, आणि सुट्टीत बरं वाटतं का. काही डॉक्टर भरतात, काही बंद करतात.

तुमच्या घरी कोणी यार्डात, पोल्ट्रीत, हळदीच्या गोदामात असेल आणि खोकला-ताप सारखा परततोय, तर काम कधी सुरू केलं, त्रास ड्यूटीनंतर किती तासांनी होतो आणि हंगाम बंद असताना काय होतं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. डॉक्टरांना सांगा, केस पेपरवर तेवढं उतरवा म्हणून. आणि जुनी कार्डं, हजेरीचे कागद, काहीही टाकून देऊ नका.