परीक्षा मुलीची, धीर घराचा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला उभे केले, याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. नाचणीच्या पापडाची कृती सांगा म्हटले असते, तर मला सोपे गेले असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या थोरलीने वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला. त्या दिवसांत घर कसे सांभाळलेत ते सांगा. आता घरोघरी कसली ना कसली परीक्षा आहेच." तेव्हा जे पाहिले आणि जे उपयोगी पडले, तेवढेच सांगते.

आधी ही परीक्षा काय आहे ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींना ती ठाऊक नसेल. पूर्वी बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर कायद्याच्या कॉलेजात नाव घालता येत असे. २०१६ सालापासून महाराष्ट्रात त्यासाठी सरकारची सीईटी द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या शिक्षणक्रमासाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या शिक्षणक्रमासाठी दुसरी. परीक्षा संगणकावर होते. दोन तासांत शंभराहून अधिक प्रश्न सोडवायचे असतात. कायद्याची समज, चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी असे विषय येतात. प्रश्न मराठीतही वाचायला मिळतात, आणि उत्तर चुकले तर गुण कापत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट म्हणून वेगळी परीक्षा असते. ती इंग्रजीतूनच होते, आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो.

आता तुम्ही म्हणाल, गुण कापत नाहीत, मराठीतही प्रश्न आहेत, मग भ्यायचे कशाला? मलाही प्रथम तसेच वाटे. पण बारावीचे पेपर होतात न होतात तोच हा दुसरा अभ्यास समोर येतो. बारावीला निदान पुस्तक ठरलेले असते. धडे संपले की अभ्यास संपला. चालू घडामोडींना शेवटचे पान नाही. आज वाचून झाले, की उद्याचे वर्तमानपत्र दारात हजर. त्यात मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या क्लासची मुले आपापले गुण सांगत असतात. ते वाचून आपल्या मुलीला वाटते, सगळे जग पुढे गेले, मी एकटीच मागे राहिले.

आमच्या थोरलीचे असेच झाले. मार्च सरता सरता तिची भाकरी अर्ध्यावर आली. रात्री दोन वाजता दिवा चालू दिसे. सकाळी डोके दुखे, पोटात गोळा येई. दर रविवारी ती सरावाची प्रश्नपत्रिका सोडवी. तिचे गुण वाढायचे सोडून कमी होऊ लागले. विचारावे तर म्हणे, "आई, वाचलेले सगळे पुसून जातंय." मुलगी आळशी नव्हती. भीतीच फार झाली होती. तवा थोडा तापला तर भाकरी फुगते, फार तापला तर करपते. थोडी काळजी माणसाला अभ्यासाला बसवते. तीच हाताबाहेर गेली, की येत असलेलेही आठवू देत नाही.

मग एका रात्री ती मनातले बोलली. तिची भीती पेपराची नव्हती. माझ्या दिरांनी घरात बोलून ठेवले होते, "यंदा लागला नंबर तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळे बघू." भाऊजी वाईट माणूस नाहीत. ते वाशीच्या बाजारात माथाडीचे काम करतात. आपल्या जावळीतले किती पुरुष तिथे पाठीवर ओझी वाहून घरे चालवतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्यांना वाटे, पोरीचे एकदा मार्गी लागावे. पण दोन तासांच्या पेपरावर सारे आयुष्य टांगले, तर अठरा वर्षांच्या पोरीचा हात संगणकावर थरथरणार नाही तर काय होईल?

आम्ही पहिले काम केले ते हेच. पाडव्याला भाऊजी गावी आले, तेव्हा आत्याबाई, हे, भाऊजी, जाऊबाई असे सगळे बसलो. मी म्हटले, "निकाल काहीही लागो, दोन वर्षे या घरात लग्नाची बोलणी काढायची नाहीत. यंदा नाही जमले तर साताऱ्याला बी.ए.ला नाव घालू. पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. तेही नाही जमले, तर पदवीनंतर तीन वर्षांची वकिली आहेच." भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वैनी, एवढं फुडचं कोणी मला सांगितलंच न्हवतं." त्यांनी शब्द दिला, आणि पुतणीला बोलावून तिच्यासमोर दिला. त्या रात्री दिवा अकराला बंद झाला. भगिनींनो, कोणत्याही औषधाने झाले नसते ते त्या एका शब्दाने झाले. मुलीला पुढची दुसरी वाट दाखवा. वाट दिसली म्हणून मूल आळशी होत नाही, उलट त्याला धीर येतो.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसा वाचलेले मनात पक्के बसते ते रात्रीच्या झोपेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जागून वाचणे हे गळक्या घागरीने पाणी भरण्यासारखे. आम्ही अकरा ते सहा अशी झोप ठरवली, आणि मोबाईल रात्री माझ्या फडताळात ठेवू लागलो. जबरदस्तीने नव्हे. तिनेच "आई, तू ठेव" म्हणून दिला.

तिसरी गोष्ट पाठांतराची. मला इंग्रजी येत नाही, तर्काचे प्रश्नही समजत नाहीत. पण मी भाकऱ्या थापताना ती समोर बसे, आणि आज काय वाचले ते पुस्तक मिटून मला सांगे. राज्यपालाची नेमणूक कोण करतो, मूलभूत हक्क म्हणजे काय, करार कधी बंधनकारक होतो, हे मी त्या चुलीपुढे शिकले. तेच पान पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा मिटल्या पुस्तकावरून आठवून सांगितलेले जास्त टिकते, हेही शास्त्राला मान्य आहे. तेव्हा "आम्ही अडाणी, आम्ही काय मदत करणार" असे म्हणू नका. ऐकायला शिक्षण लागत नाही. वर्तमानपत्राला तिने रोज एकच तास ठरवला. तास संपला की घडी घालून ठेवायचे, उरले ते उरले.

चौथी गोष्ट मला तिच्याच मास्तरांनी सांगितली. २०११ साली अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातील दोघा अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेआधी दहा मिनिटे ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या मनातली भीती कागदावर लिहून काढली, त्यांना नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा चांगले गुण पडले. आपण जात्यावर बसून ओव्या गात होतो, तेव्हा दुसरे काय करत होतो? मनातले बाहेर काढतच होतो. थोरलीने एक जुनी वही त्यासाठी ठेवली. ती वही घरात कोणी उघडायची नाही, असा नियम केला.

परीक्षेला साताऱ्याचे केंद्र आले. आदल्या आठवड्यात हे तिला एस.टी.ने नेऊन जागा दाखवून आले. गाडी किती वाजता सुटते, उतरून किती चालावे लागते, ओळखपत्र कोणते लागते, हे आधीच पाहून ठेवले म्हणजे त्या दिवशी धांदल होत नाही. रोजचेच जेवण दिले, गोडधोड काही केले नाही. दारात कोणी "चांगला पेपर लिही हं" म्हणून उभे राहू नये, असेही सांगून ठेवले होते.

आता आपल्या मातीतली दोन माणसे आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढे १९१६ साली त्यांनी लंडनला बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि बॅरिस्टर होऊनच आले. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. देशासाठी तुरुंगात गेले, त्यामुळे मॅट्रिक व्हायला १९३४ साल उजाडले. १९४१ साली ते पुण्याहून एल्‌एल्‌.बी. झाले. त्यांच्या आई विठाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि तरी मुलाच्या शिक्षणात त्या खंबीर उभ्या राहिल्या. ज्यांचे एक-दोन वर्षे मागे पडले ते संपले, असे म्हणणाऱ्यांना ही नावे सांगावीत.

बायकांची वाट तर याहून अवघड होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवी हाती पडायला १९२२ साल लागले. हिंदुस्थानात बायकांना वकिली करण्याची मोकळीक १९२३ सालच्या कायद्याने मिळाली. त्या मानाने आपल्या मुलींपुढे एक सीईटी आहे, आणि ती पुन्हा देता येते.

पैशाचीही चिंता असते. त्याबद्दल एक माहिती आवर्जून सांगते. २०२४-२५ सालापासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक शिक्षणक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून घ्यावा लागतो. दाखले आधीच काढून ठेवा. निकालानंतर तहसील कचेरीत गर्दी होते, आणि तिथे नवी काळजी सुरू होते. लांबही जायला नको. साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे.

आता थोडे कठीण बोलते. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ही मुले कुणाच्या तरी घरातलीच होती. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, माणसांत यायचे टाळत असेल, "माझा काय उपयोग" असे बोलत असेल, तर ती नाटके नव्हेत. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून थांबू नका. जवळ बसा, सरळ विचारा, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येते. हा नंबर मंडळाच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

आणि शेजारणींना हात जोडून एक विनंती. पाण्याच्या नळावर, हळदीकुंकवाला, पिठाच्या गिरणीत मुलीला गाठून "किती पडले गं?", "अमकीच्या मुलाला एवढे पडले" असे विचारू नका. आपण मायेने विचारतो, तिला मात्र तो अजून एक पेपर वाटतो. त्याऐवजी "जेवलीस का?" असे विचारा. त्याचे उत्तर तिला नक्की येते.

निकालाचे विचाराल तर सांगते. पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. घरात त्या दिवशी पिठले-भाकरी झाली, कोणी काही बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती बी.ए.चा फॉर्म भरून आली. पुढच्या एका फेरीत तिला साताऱ्याला वकिलीची जागा मिळाली. पण तिचे नाव लागले नसते तरी मी आज हेच भाषण केले असते. कारण त्या बी.ए.च्या फॉर्मवर तिने सही केली तेव्हा तिचा हात थरथरत नव्हता.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवते. आपली ही खोली संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असते. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडे यांच्यात अभ्यास कसा होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. संध्याकाळी सहा ते नऊ ही खोली परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी उघडी ठेवावी. दोन वर्तमानपत्रे, दोन ट्यूबलाईट आणि पाण्याचा माठ, एवढाच खर्च आहे. आम्ही बायका पाळीपाळीने स्वेटर विणत दारात बसू. मुली एकत्र बसल्या, म्हणजे "मी एकटीच मागे" ही भीती निम्मी जाईल. पहिल्या आठवड्याची पाळी मी घेते. बाकीच्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.