परिचारिका होण्यापूर्वीं

पूर्वीं ज्याला पश्चिम खानदेश म्हणत त्या आजच्या धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगास, पांझरेच्या कांठीं पिंपळनेर वसलें आहे. भोंवतालच्या डोंगरांत कोकणा व भिल्ल लोकांचे पाडे आहेत. समजा, अशा गांवची एखादी मुलगी आजारी आजीच्या उशाशीं चार रात्री जागते आणि घरांत सांगते कीं, आपण परिचारिका होणार. घरच्यांस आनंद होतो. पण तिनें अकरावीस विषय कोणते घेतले, हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. आणि दोन वर्षांनीं तिची वाट अडते ती नेमकी तेथेंच.

परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवीसाठीं भारतीय परिचर्या परिषदेनें घातलेली अट स्पष्ट आहे. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, खुल्या गटांत त्यांतील पहिल्या तीन विषयांत मिळून शेंकडा ४५ गुण हवेत, आणि प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पुरीं झालेलीं हवींत. महाराष्ट्रांत त्यांवर सामाईक प्रवेशपरीक्षा असते. म्हणजे पदवीचें दार बारावीनंतर उघडतें खरें, पण त्याची किल्ली दहावीच्या निकालाच्या सुमारास घडवावी लागते.

सेवेला मायाळू मन पुरे, रसायनशास्त्र कशाला, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. त्याचें उत्तर रुग्णाच्या खाटेपाशीं मिळतें. वैद्यानें २५० मिलिग्रॅम औषध लिहिलें. बाटलीवर ५ मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम अशी नोंद आहे. तेव्हां १० मिलिलिटर द्यावयाचें. हा हिशेब त्रैराशिकाचाच आहे. पण दशांशचिन्ह एक घर सरकलें तर मात्रा दसपट होते, आणि तें पोटांत गेल्यावर पुसून टाकतां येत नाहीं. शिरेंतून देतात त्या मिठाच्या पाण्यांत एका लिटरास ९ ग्रॅम मीठ असतें. त्याऐवजीं नुसतें पाणी शिरेंत गेलें तर रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. असें कां होतें, हें रसायन व जीवशास्त्रच सांगतें. पदवीच्या पहिल्याच वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र व मानसशास्त्र हे विषय समोर येतात. पाया नसलेल्या मुलीस तेव्हां एकाच वेळीं पायाहि खणावा लागतो आणि भिंतहि उभारावी लागते.

पूर्वतयारीची ही गरज नवी नव्हे. रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि तेथील स्त्रिया परिचर्येचें शिक्षण घेण्यास ससून रुग्णालयांत जाऊं लागल्या. त्या संस्थेनें प्रौढ स्त्रियांसाठीं प्राथमिक शिक्षणाचे वर्गहि चालविले. कारण ज्या बाईस बाटलीवरची चिठ्ठी वाचतां येत नाहीं, तिच्या हातीं रुग्ण सोपवितां येत नाहीं. पुढें १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचें पदवीशिक्षण सुरू झालें. अमेरिकेंतहि अनेक विद्यापीठें मुख्य अभ्यासक्रमाआधीं शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व रसायन पुरें करून घेतात.

मग जिनें कलाशाखा घेतली, तिनें काय करावें? तिला दोन मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेंतून विज्ञानाचे विषय व इंग्रजी घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्यांस परिषदेच्या नियमांत स्थान आहे. दुसरा मार्ग तीन वर्षांच्या सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविकेचा. तिला कोणत्याहि शाखेची बारावी चालते. मात्र इंग्रजी हवें आणि शेंकडा ४० गुण हवेत. नोंदणीकृत परिचारिका झाल्यावर आणखी दोन वर्षांत पदवी घेतां येते. वाट लांबते, तुटत नाहीं.

मात्र लांबलेल्या वाटेची किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं. मुलाचें वर्ष गेलें तर घर म्हणतें, "पुढच्या वर्षीं पाहूं." मुलीचें वर्ष गेलें कीं पाहुणे स्थळ घेऊन येतात, आणि पुष्कळदां शिक्षण तेथेंच संपतें. शहरांतील सुशिक्षित घरांस येथें मोठें काम करतां येईल, आणि त्याला पैसाहि लागत नाहीं. गांवाकडील भाची, पुतणी किंवा घरीं कामास येणाऱ्या बाईची मुलगी दहावी झाली, कीं त्याच दिवशीं तिला ह्या चार विषयांची गोष्ट सांगावी.

पिंपळनेरच्या मुलीपाशीं एक पूर्वतयारी आधींपासूनच असते. पाड्यावरची म्हातारी रुग्णालयांत आली आणि प्रमाण मराठींतील प्रश्नांनीं बावरून गप्प बसली, तर "काय दुखस?" असें तिच्या कानाशीं विचारणारी तीच. तो विषय कोणत्याहि परीक्षेंत नाहीं. उरलेले चार तिला वेळेवर मिळावेत, एवढेंच पाहावयाचें आहे.